हिमानीची आखूड बंदूक

"बाप हा जन्मतःच क्षत्रिय असतो. वेळ येईपर्यंत तो फक्त नोकरी करतो," असं मोरेश्वर आगाशे यांनी जाहीर केलं, तेव्हा त्यांच्या एका हातात झारा होता आणि दुसऱ्या हातात थापलेल्या साबुदाणा वड्यांचं ताट.

"क्षत्रिय, तेल तापलंय," सुहासिनीबाई म्हणाल्या. "वडे सोडा."

क्षत्रियांनी वडे सोडले. एक फुटला. ते दोन पावलं मागे सरले आणि झाऱ्याची ढाल केली.

या घोषणेला कारण होतं. आगाशांची एकुलती एक मुलगी हिमानी मोंटानाला निघाली होती. आगाशे राहत त्या अमेरिकेतल्या व्हर्जिनियात, हर्नडन गावी ज्यांच्या मुली होत्या, त्यांच्या मुली औषधांच्या कंपनीत किंवा वकिलांच्या फर्ममध्ये होत्या. मंडळाच्या गणपतीत कुणी "हिमानी काय करते?" असं विचारलं, की सुहासिनीबाई "पाणी मोजते" असं म्हणून प्रसादाच्या रांगेत पुढे सरकत. ती खरोखरच पाणी मोजायची. डोंगरातल्या ओढ्यांत उतरून पाणी किती, किती थंड आणि किती वेगाने वाहतं, हे पाहणं हा तिचा पेशा होता. आता तिला ज्या खोऱ्यात नोकरी लागली होती, तिथे ओढ्यांबरोबर ग्रिझली अस्वलंही होती आणि थंडीची झोप घेण्याआधी, ऐन ऑक्टोबरात, ती अस्वलं खाण्यासाठी वणवण फिरत.

ऑफिसने हिमानीला अस्वलाच्या तोंडावर मारायचा तिखटाचा फवारा दिला होता. शिवाय ज्याला हवी त्याने परीक्षा देऊन स्वतःची रायफल बाळगावी, अशी मुभा होती. हिमानीने परीक्षा दिली, पास झाली आणि खेळाच्या सामानाच्या दुकानातून सगळ्यात स्वस्त रायफल घेऊन घरी आली. साधी बोल्टवाली, हरणाच्या शिकारीची. एक गोळी झाडली, की बाजूची दांडी उचलून मागे ओढायची आणि पुढे ढकलून पाडायची, म्हणजे दुसरी गोळी तयार.

मोरेश्वररावांचं आणि हत्याराचं नातं बेताचंच होतं. झुरळ दिसलं, तर ते आधी फवाऱ्याच्या डब्यावरच्या सूचना वाचून काढत, आणि तोवर झुरळाचा संसार स्थिरस्थावर होई. त्यांनी रायफलकडे पाहिलं. मग पाच फूट एक इंच उंचीच्या मुलीकडे पाहिलं.

"ही फार लांब आहे."

"बाबा, इट्स फाइन."

"फाइन कशी? पेटीत घालायच्या आधी तू वर-खाली दोनदा नेलीस. जिन्यात अडकली, मग झुंबराला लागली."

"जंगलात झुंबर नसतं, बाबा."

"फांद्या असतात!"

यावर हिमानीने खांदे उडवले आणि ती वडे खायला बसली. मोरेश्वरराव मात्र त्या दिवसापासून बसले नाहीत. जेवताना उठत, बातम्यांत उठत. ऑफिसच्या मीटिंगमध्ये कुणी 'रिस्क' म्हटलं, की त्यांना अस्वल दिसे, आणि ते प्रोजेक्ट मॅनेजर असल्यामुळे हा शब्द दर तीन मिनिटांनी येई. अस्वलाची लांबी कमी करता येत नव्हती. मोंटानाचं अंतर कमी करता येत नव्हतं. पोरीचा हट्ट तर मुळीच नाही. तो आईकडून आला होता. राहता राहिली बंदूक.

"मी तुला ती कॅरी करण्यासारखी करून देतो," ते म्हणाले.

"तू?" हिमानी म्हणाली. तिच्या आवाजात अविश्वास होता, पण दयाही होती. "ओके, बाबा. पण आधी मला दाखवायचं."

मोरेश्वररावांनी कामाला पद्धतशीर सुरुवात केली. मॉपच्या दांड्याला लाटणं बांधून त्यांनी आधी एक नमुना तयार केला आणि तो पाठीवर अडकवून मुलीला घरभर चालवलं. जिना चढ, सोफ्यावरून उतर, कपड्यांच्या कपाटात वाक. जिथे दांडा अडकला तिथे खूण करून तो कापायचा, आणि पुन्हा जिना. तिसऱ्या कापणीनंतर हिमानी कुठेही न अडकता वॉशिंग मशीनच्या मागे जाऊन आली. सुहासिनीबाईंनी पोळ्या लाटायला घेतल्या, तेव्हा लाटणं मोहिमेवर होतं. त्या दिवशी भात झाला.

नळी कापायचं काम त्यांनी जवळच्या वॉरंटन गावातल्या एका बंदूक-दुरुस्तीवाल्याकडे सोपवलं. म्हणजे आधी ते स्वतःच गॅरेजमध्ये करवत घेऊन उभे राहिले होते. पण हिमानी "बाबा, नो" असं एवढ्या शांतपणे म्हणाली, की त्यांनी करवत गुपचूप खिळ्याला टांगली. दुरुस्तीवाल्याने सांगितलं, की सोळा इंचांखाली नळी नेली तर कायदा आड येतो, अठरा ठेवू. मोरेश्वररावांनी त्याच्यासमोर मॉपचा दांडा धरला. त्याने दांड्याकडे पाहिलं, लाटण्याकडे पाहिलं आणि काही विचारलं नाही. व्हर्जिनियातला माणूस सभ्य असतो.

लाकडी दस्ता मात्र मोरेश्वररावांनी स्वतः कापला. शिंपी बाहीचं माप घेतो तसं त्यांनी मुलीच्या कोपरापासून बोटापर्यंतचं माप घेतलं, मागचा तुकडा काढला, कडा घासून गोल केल्या आणि रायफलीवर बसवलेली जाडजूड दुर्बीण उतरवून ठेवली. खांद्यावर अडकवायचा पट्टा सुहासिनीबाईंनी लॅपटॉपच्या जुन्या बॅगेचा शिवून दिला. त्यावर अजून कंपनीचं नाव होतं. आठवडे गेले, लाकडाचा भुसा जेवणात येऊ लागला, आणि अखेर ती रायफल अशी झाली, की हिमानीने खांद्याला लावताच आपोआप गालाला येऊन टेकली.

"वॉव," ती म्हणाली. "बाबा, इट्स माय साइझ."

मोरेश्वररावांनी नाक शिंकरलं. भुशाची ॲलर्जी होती असं त्यांचं म्हणणं.

शेजारचा यतीन बोरकुटे पाहायला आला. मूळचा चंद्रपूरचा, मोरेश्वररावांच्याच कंपनीत, त्यांना काका म्हणणारा. त्याने रायफल हातात घेऊन तोलली.

"काका, चीज झकास झाली. पण अस्वलाचं सांगू का? आमच्याकडे मोहफुलं वेचायला बाया जातात. अस्वल समोर आलं, की बाया त्याला अशा शिव्या घालतात, अशा शिव्या घालतात, की ते बापडं लाजून निघून जातं."

"हे ग्रिझली आहे, यतीन. त्याला मराठी येत नाही."

"शिवीला भाषा कशाला लागते, काका?"

मोरेश्वररावांनी त्याला चहा दिला आणि विषय बदलला.

खंडेनवमीला सुहासिनीबाईंनी नेहमीप्रमाणे घरातली हत्यारं पूजेला मांडली. पाटावर लॅपटॉप, मिक्सरचं भांडं, कात्री, मोटारीच्या किल्ल्या, आणि या वर्षी मधोमध, रिकामी केलेली आणि हिमानीने तीनदा तपासलेली रायफल. आता हत्यार पूजेला लावायचं तर पुसून, तेल लावूनच. दुरुस्तीवाल्याने दिलेलं खास तेल होतं, पण बाईंनी त्याचं बूच उघडलं आणि लगेच परत लावलं.

"रॉकेलसारखं घाण मारतंय. देवापुढे हे?"

रायफलीला आधी लावलेलं तेच तेल त्यांनी फडक्याने स्वच्छ पुसून काढलं. पुरण शिजत असलेल्या शेगडीशेजारी खोबरेलाची बाटली कोमट होऊन बसली होती. बाईंनी पोरीच्या डोक्याला घालतात तितक्याच सढळ हाताने ते खोबरेल बोल्टला घातलं, आतबाहेर, वरखाली, जिथे जिथे ते जाईल तिथे.

मोरेश्वररावांनी दांडी मागेपुढे करून पाहिली. सुळकन गेली, सुळकन आली.

"स्मूथ!" ते म्हणाले. "बघ, दुरुस्तीवाल्याच्या तेलानेही इतकी सरकत नव्हती. अप्रूव्ह्ड!"

वर हळद-कुंकू आणि झेंडूचं फूल चढलं. दुसऱ्या दिवशी दसऱ्याला, सोनं वाटून झाल्यावर, हिमानीने सीमोल्लंघन केलं. गाडीत ओढे मोजायची यंत्रं, कुलूपबंद पेटीत रायफल, आणि पेटीवर आईने ठेवलेला चकल्यांचा डबा. मोरेश्वरराव गाडी दिसेनाशी झाल्यावरही बराच वेळ रस्त्यावर उभे होते. मग घरात येऊन झुंबराकडे बघत बसले.

त्यानंतर हर्नडनला थंडी पडली. एका गुरुवारी सकाळी मोरेश्वरराव दाढी करून डोक्याला तेल लावायला गेले, तर बाटलीतलं खोबरेल घट्ट पांढरं. यात नवल काही नव्हतं. वर्षानुवर्षं हिवाळ्यात ते रोज सकाळी बाटली गरम पाण्याच्या नळाखाली धरत आले होते. आजही त्यांनी धरली. पाणी वाहत होतं. बाटलीत पांढऱ्याची कड सुटून ढेकूळ फिरू लागलं होतं. आणि मोरेश्वररावांचा हात नळाखाली तसाच राहिला.

"सुहास," त्यांनी हाक मारली. आवाज एवढा बारीक होता, की बाईंना वाटलं शेजारी कुणीतरी बोलतंय.

शंका नको म्हणून त्यांनी प्रयोग केला. बागेच्या फाटकाची कडी काढून तिला खोबरेल चोपडलं आणि ती फ्रीझरमध्ये मटारांच्या पिशवीवर ठेवली. दर पाच मिनिटांनी जाऊन बघत होते. तासाभराने काढली, तर कडी हलेना. त्यांनी ओढली, ठोकली, शेवटी तिला अंगठ्याने दाबत "सरक गं, सरक" म्हणू लागले. सुहासिनीबाई दारात उभ्या राहून पाहत होत्या. दोघांपैकी कोणीही "तूच केलंस" किंवा "तुम्हीच अप्रूव्ह्ड म्हणालात" असं बोललं नाही. तीस वर्षांच्या संसारात ही संधी पहिल्यांदाच वाया गेली.

हिमानीच्या खोऱ्यात फोन लागत नव्हता. ती रविवारी गावात उतरली, की फोन करायची. मोरेश्वररावांनी तिच्या ऑफिसला फोन लावला.

"धिस इज हिमानीज फादर. प्लीज टेल हर, कोकोनट ऑइल फ्रीझेस."

पलीकडच्या बाईने विचारलं, "सर, हे कोड आहे का?"

"नो, नो. इट इज इन द बोल्ट. माय वाइफ डिड पूजा."

"ओके, सर," ती बाई म्हणाली. "मी लिहून घेतलं. कोकोनट ऑइल. पूजा. वाइफ."

मग तीन दिवस मोरेश्वरराव चालत होते. घरात, गॅरेजमध्ये, गल्लीच्या टोकापर्यंत, पुन्हा घरात. शुक्रवारी ते विमानाची तिकिटं बघू लागले. शनिवारी त्यांनी यतीनला बोलावून विचारलं, की त्या मोहफुलंवाल्या बाया नेमकं काय म्हणतात. यतीनने सांगितलं. सुहासिनीबाई स्वयंपाकघरातून ओरडल्या, की आज सण नसला म्हणून काय झालं, घरात देव आहेत.

रविवारी फोन वाजला, तेव्हा मोरेश्वरराव त्याच्या अंगावर पडलेच.

"बाबा? मला ऑफिसमधून अ व्हेरी स्ट्रेंज मेसेज मिळाला."

"बेटा, बोल्ट! बोल्ट वापरू नकोस! म्हणजे वापर, पण आधी—"

"आय नो, बाबा. मंगळवारी कळलं."

मंगळवार म्हणजे गुरुवारच्या आधी. मोरेश्वररावांनी फोन स्पीकरवर टाकला आणि खुर्ची शोधली. खुर्ची मागेच होती. सुहासिनीबाईंनी सरकवली होती.

"मी ओढ्यात होते," हिमानी सांगू लागली. "माझ्याबरोबर काम करणारा स्टीव्ह काठावर होता, पलीकडे तोंड करून. अस्वल झाडीतून आलं, आपल्या गेटपासून मेलबॉक्स असेल ना, तेवढ्यावर. मी रायफल पटकन काढली. सो क्विक, बाबा, कुठेही अडकली नाही. आणि दांडी ओढली, तर ती हलेचना. इट वॉज लाइक ग्लू."

"अगं देवा," सुहासिनीबाई म्हणाल्या.

"मग?" मोरेश्वररावांनी विचारलं. विचारलं म्हणजे ओठ हलले.

"मग मी ओरडले."

"काय ओरडलीस?"

"आई डेकवरच्या खारींना म्हणते ते. हाड! हाड! चल निघ, मेल्या! लाज नाही वाटत?"

मोरेश्वररावांनी वळून बायकोकडे पाहिलं.

"आणि अस्वल?"

"थांबलं. माझ्याकडे बघितलं. ही लुक्ड लाइक… हर्ट. मग गेलं. स्टीव्हने फवारा काढला होता, पण मारायची गरजच पडली नाही. नंतर कॅम्पमध्ये स्टोव्हजवळ मी बोल्ट काढला, तर त्यातलं तेल वितळायला लागलं. आणि त्याला माझ्या शाळेतल्या वेण्यांचा वास आला. मी थोडी रडले. स्टीव्हला वाटलं अस्वलामुळे."

सुहासिनीबाईंनी पदराचं टोक डोळ्यांना लावलं. मोरेश्वररावांनी नाक शिंकरलं. या वेळी घरात भुसा नव्हता.

"बेटा, मी आजच ते खरं तेल पाठवतो. ओव्हरनाइट. ब्रशसकट. मी स्वतःच येतो, थांब, तिकीट बघितलेलं आहे—"

"बाबा, नको. मी साफ केली, इथलं तेल घातलं, रोज तपासते. इट्स परफेक्ट आता. इथे सगळ्यांच्या रायफली फांद्यांत अडकतात, माझी अडकत नाही. सगळे विचारतात, कोणी केली."

"काय सांगतेस मग?"

"माय डॅड."

मोरेश्वरराव उठून उभे राहिले. तीन दिवसांत पहिल्यांदाच त्यांची पाठ ताठ झाली. पलीकडे रायफल सज्ज होती, अस्वल माघारी पळालं होतं, आणि हर्नडनच्या एका टाउनहाउसमध्ये क्षात्रतेज पुन्हा जागं होत होतं.

"बघ, हिमानी," त्यांनी घसा साफ केला, "बाप हा जन्मतःच—"

"बाबा, सॉरी, माझं फोनचं कार्ड संपतंय. एक काम कर ना प्लीज?"

"बोल! काय हवं ते बोल!"

"खोबरेलाची बाटली पाठव. मोठी. इथे डोकं फार कोरडं पडतं."