खालून पाचवी, डावीकडून सातवी

ताणकाकांना हे नाव का पडलं याबद्दल बॅडमिंटन हॉलमध्ये दोन मतं होती. तीस वर्षं रॅकेटच्या तारा ताणतात म्हणून, असं खेळाडू त्यांच्या तोंडावर सांगत. कपाळावरची शीर कायम ताणलेली असते म्हणून, असं पाठीमागे. दोन्ही खरं होतं. हॉलच्या जिन्याखाली त्यांची खोली होती. तिच्यात एक मशीन, एक स्टूल, भिंतीवर तारांची रिळं, आणि भोकं मोकळी करायची टोकदार आरी, पक्कड, कात्री यांच्या ठरलेल्या जागा. आरी जागेवर सापडली नाही, तर त्या दिवशी समोर येईल त्याची खैर नसे.

काम मात्र असं की कुणी बोट ठेवून दाखवावं. रॅकेट आली की आधी ते ती कानाशी नेऊन हलवत, आत काही खुळखुळतंय का ते ऐकत. मग फ्रेमच्या भोकांत बसवलेल्या प्लॅस्टिकच्या नळ्या एकेक करून तपासत, कारण नळी चिरलेली असली की तार नेमकी तिथेच तुटते. मग उभ्या तारा, मधून सुरू करून दोन्हीकडे सारख्या, म्हणजे फ्रेम एका अंगाला कलत नाही. आणि मग आडव्या. एकीच्या वरून, दुसरीच्या खालून, परत वरून, परत खालून. आडवी तार हातात असताना ताणकाका कुणाशी बोलत नसत आणि कुणाचं ऐकूनही घेत नसत. एकदा हॉलमध्ये पाण्याचा पाइप फुटला होता, ते सांगायला सेक्रेटरी धापा टाकत खाली आले, तर काकांनी त्यांनाही हात दाखवून थांबवलं. ओळ पूर्ण झाल्यावरच "हं, बोला," म्हणाले. तोवर सेक्रेटरींचे बूट भिजले होते.

चुकलेल्या विणीचा तर त्यांना असा तिटकारा होता की विचारू नका. खालून जायची तार वरून गेलेली दिसली की ते रॅकेट आणणाऱ्यालाच फैलावर घेत. "बावीस तारा मोजता येत नाहीत त्याला? मग त्याला म्हणावं दुसरा धंदा बघ!" आणणारा बिचारा नुसता गिऱ्हाईक असे, पण खाली मान घालून ऐकून घेई.

अशा या माणसाचा आपल्या एकुलत्या एका मुलीशी दोन वर्षं अबोला होता.

मुलीला सगळे भिंगरी म्हणत. सातव्या वर्षी ती पहिल्यांदा कोर्टवर उतरली तेव्हापासून ती एका जागी उभी म्हणून राहिली नाही. ताणकाकांचा तिच्यावर भारी जीव. पण जिन्याखालच्या खोलीत तिला मज्जाव होता. "तू खेळ, शीक, चांगली नोकरी कर. या मशीनला हात लावायचा नाही," हे त्यांचं पालुपद. स्वतःच्या अंगठ्यावरचे घट्टे आणि वाकलेली पाठ त्यांना रोज दिसत होती, त्यातलं काही पोरीच्या वाट्याला येऊ नये एवढंच त्यांचं म्हणणं होतं. भिंगरीने बापाचं सगळं ऐकलं. खेळली, शिकली, चार तासांवरच्या शहरात नोकरीला लागली. आणि तीन वर्षांनी ती नोकरी सोडून तिने तिथेच एक जुनं मशीन घेतलं आणि लोकांच्या रॅकेटींचं गटिंग, म्हणजे तारा विणून द्यायचं काम, करायला लागली.

ताणकाकांना हे कळलं तेव्हा फोनवर नुसता जाळ झाला. शेवटी त्यांनी विचारलं, "शिकलीस तरी कुणाकडे हे?"

"तुमच्याकडे," भिंगरी म्हणाली.

"खोटं बोलू नकोस! मी तुला साधी गाठसुद्धा शिकवलेली नाही."

"बरं. मग तसं समजा."

फोन ठेवला गेला तो गेलाच. ते करतील म्हणून ती थांबली आणि ती करील म्हणून ते. दोघांचा स्वभाव एकाच साच्यातून काढलेला, मग दुसरं काय होणार? भिंगरीची आई तेवढी रोज संध्याकाळी लेकीशी फोनवर बोले. त्या वेळी ताणकाका टीव्हीचा आवाज बारीक करत आणि टीव्हीकडे डोळे लावून बसत. बायकोला ते दिसत होतं, म्हणून ती मुद्दाम मोठ्याने बोले. फोन संपला की ते विचारत, "काय म्हणतेय तुझी लेक?"

"जेवली म्हणे."

"हं," म्हणून ते परत आवाज मोठा करत. मनातून त्यांना तिच्याशी बोलायचं होतं, अगदी तळमळून बोलायचं होतं. पण तोंड कुठून उघडायचं ते त्यांना कळत नव्हतं.

त्या वर्षी हॉलमध्ये मोठी स्पर्धा ठरली. आठवडाभर सकाळपासून रॅकेटी विणायला लागणार, म्हणून ताणकाकांच्या जोडीला दोन जण घ्यायचे होते. अर्ज सहा आले. सहाही जणांना एकसारखी रॅकेट आणि एकसारखी तार पाठवली, विणून परत मागवली. सेक्रेटरींनी नावं पाकिटात बंद केली आणि मुठींवर फक्त नंबर चिकटवले. परीक्षक अर्थातच ताणकाका. नियमही त्यांनीच पूर्वी लिहून दिलेले, त्यातला पहिला असा, की वीण एका जागी जरी चुकली तरी रॅकेट नापास.

रॅकेटी तपासायच्या दिवशी सकाळी बायकोने त्यांना दोनदा चहा दिला. दुसरा कप समोर ठेवताना म्हणाली, "आज जरा शांतपणे बघा हं रॅकेटी."

"मी कधी अशांतपणे बघतो?" ते खेकसले.

पहिल्या तीन रॅकेटींतली एक बरी निघाली आणि दोन यथातथाच. चौथी हातात घेतली आणि ताणकाका खुर्चीत सरळ बसले. गाठी बारीक आणि घट्ट, गाठीबाहेर उरलेल्या तारेच्या शेपट्या तिरक्या कापलेल्या. फ्रेमची रुंदी मोजली, ती केसभरही हललेली नव्हती. नखाने तारा वाजवल्या तर या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच सूर.

"सेक्रेटरी, हा माणूस मला पाहिजे!" ते म्हणाले. "हात बघा याचा! असा हात मी कित्येक वर्षांत पाहिला नाही."

मग त्यांनी वीण तपासायला घेतली. डोळ्यांवर भरवसा उरला नव्हता, म्हणून ते अंगठा फिरवत आणि मोजत. वरून खाली निम्मी रॅकेट झाली, पाऊण झाली. मुठीकडून पाचव्या आडव्या तारेवर, डावीकडून सातव्या उभ्या तारेपाशी, अंगठा अडला. खालून जायची तार वरून गेली होती.

"गाढव!" ताणकाका ओरडले. "एवढं सोन्यासारखं काम केलं आणि शेवटी माती खाल्ली!" लाल पेन उचलून त्यांनी चार नंबरपुढे 'ना' लिहिलं, आणि पेन तिथेच थांबलं.

अंगठा अजून त्या जागेवर होता, आणि अंगठ्याला ती जागा ठाऊक होती.

भिंगरी सात वर्षांची असताना हॉलने मुलांसाठी एक डझन रॅकेटी घेतल्या होत्या, सगळ्या एका रंगाच्या. खेळ संपला की सगळ्यांचा एकच ढीग. भिंगरी रोज कुणाचीतरी भलतीच रॅकेट घेऊन घरी येई आणि मग भोकाड पसरी. मुठीवर पेनाने नाव लिहिलं तर घामाने पुसलं जाई. तेव्हा ताणकाकांनी तिच्या रॅकेटमध्ये एक खूण विणली. मुठीजवळ, जिथे शटलचं फूल कधी लागत नाही आणि कुणाची नजर जात नाही, तिथे एकच चुकीचा टाका. ढिगात हात घातला की अंगठ्याला लेकीची रॅकेट लगेच लागायची. पुढे तिच्या रॅकेटी बदलत गेल्या, पण ती खूण त्यांनी पंधरा वर्षं तशीच विणली. सांगितलं मात्र कुणालाच नाही. चुकलेल्या विणीवरून जगाला शिव्या घालणारा माणूस हे कुठल्या तोंडाने सांगणार?

आणि त्यांना ते दुसरंही आठवलं. संध्याकाळी भिंगरी रॅकेट मांडीवर घेऊन बसे आणि तारांवरून बोट फिरवत पुटपुटे, वरून, खालून, वरून, खालून. त्यांना वाटायचं, पोर खेळतेय.

'तुमच्याकडे,' ती म्हणाली होती. खरंच बोलली होती पोरगी, आणि त्यांनी तिला खोटं ठरवलं होतं.

"काका, बरं वाटत नाही का?" सेक्रेटरींनी विचारलं.

"गप्प बसा हो जरा," ताणकाका म्हणाले. चष्मा काढून त्यांनी तो उगाचच पुसला.

पास लिहिलं असतं तर कुणाला कळलं असतं? सेक्रेटरींना तो टाका जन्मात सापडला नसता. पण मागच्याच स्पर्धेला एका म्हाताऱ्या विणकऱ्याला त्यांनी याच चुकीवर घरी पाठवलं होतं, आणि तो जाताना त्यांच्याकडे कसा बघत होता ते त्यांच्या डोळ्यांपुढून हलेना. त्यांनी 'नापास' पूर्ण लिहिलं. त्याखाली लिहिलं, 'चूक विणणाऱ्याची नाही, शिकवणाऱ्याची आहे. शिकवणारा मी.' कागद सेक्रेटरींपुढे सरकवून म्हणाले, "परीक्षक बदला. चार नंबर माझी मुलगी आहे."

"पण पाकीट तर बंद आहे!"

"मग फोडा."

सेक्रेटरींनी पाकीट फोडलं, नाव वाचलं आणि नियमांचा कागद काढला. मग हळूच म्हणाले, "काका, तुमच्याच नियमांत शेवटी लिहिलंय की नापास झालेल्याला एकदा समक्ष विणून दाखवता येतं."

"मी लिहिलंय?"

"तुम्हीच. फक्त आजवर कुणाला सांगितलं नाहीत. त्या म्हाताऱ्यालाही बोलावू या आता."

"आधी त्यालाच बोलवा," ताणकाका म्हणाले.

दुपारीच घरी आलेल्या नवऱ्याला बघून बायकोच्या हातातलं भांडं तसंच राहिलं. "लाव फोन," ते म्हणाले.

"कुणाला?"

"आता मला बोलायला लावू नकोस."

तिने लावला आणि त्यांच्या हातात दिला. पलीकडून "हां, आई," आलं.

"मी आहे," ते कसेबसे म्हणाले. "तू नापास झालीस."

भिंगरी म्हणाली, "का?"

"खालून पाचवी, डावीकडून सातवी."

"ती तशीच असते!" भिंगरी उसळली. "सगळे जण मला तेच सांगतात. गिऱ्हाइकं भांडतात, इथला कोच भांडतो. मी सगळ्यांना ठणकावून सांगितलंय, मुठीजवळ फ्रेमवर जोर येतो म्हणून तिथे असंच विणायचं असतं, आणि चुकतात ते बाकीचेच."

"हे तुला कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगायला पाहिजे? माझ्या सगळ्या रॅकेटी तुम्ही तशाच विणल्यात."

मग ताणकाकांनी तिला सगळं सांगितलं. एक डझन रॅकेटी, तो ढीग, तिचं भोकाड, आपला अंगठा. इतकं ते आयुष्यात एका दमात कधी बोलले नव्हते. बायको दाराला टेकून ऐकत होती आणि पदराने डोळे पुसत होती.

"म्हणजे ती चूक होती?" भिंगरीने विचारलं.

"खूण होती. पण इतरांच्या रॅकेटींत चूकच."

"बाबा, दोन वर्षं मी अख्ख्या गावाशी भांडतेय!" ती हसायला लागली आणि हसता हसता तिला रडू फुटलं. "मला वाटलं, सगळं जग चुकत असेल. तुमचं चुकलं असेल हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही."

"रविवारी ये," एवढंच ताणकाका म्हणाले, "पहिल्या बसने ये."

रविवारी ती आली. म्हातारा विणकरीही आला. ताणकाका परीक्षेच्या खोलीत गेलेच नाहीत, बाहेर पायरीवर बसून राहिले. दुसऱ्या क्लबचे एक गृहस्थ परीक्षक होते. आधी म्हातारा बाहेर आला, पास होऊन, आणि त्यांच्या शेजारी टेकला. ताणकाकांनी त्याची माफी मागितली. तो म्हणाला, "राहू द्या हो," आणि दोघंही दाराकडे बघत बसले.

भिंगरी बाहेर आली ती घामाने डबडबलेली. "पास," ती म्हणाली. "पण पाचव्या ओळीला हात आपोआप वर गेला. उसवून परत विणली."

मग तिने पिशवीतून स्वतःची जुनी रॅकेट काढली. तारा कापून काढलेल्या होत्या. "ही मला विणून द्या."

"आता तुझी तू वीण की."

"बाकी सगळ्यांच्या बरोबर विणीन. ही ढिगात सापडायला हवी ना?"

ताणकाका तिला घेऊन जिन्याखालच्या खोलीत गेले. आजवर जिथे तिला उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नव्हतं तिथे त्यांनी तिला स्वतःचं स्टूल दिलं आणि आपण उभं राहून विणायला लागले. उभ्या तारा झाल्या. आडव्या सुरू झाल्या. मुठीकडून पाचवी आली तेव्हा त्यांनी हात थांबवला.

"इकडे बघ, शिकवतो," ते म्हणाले. "एक, दोन, तीन... ही सातवी. इथे सगळे खालून जातात."

"आणि आपण?"

"आपण वरून."

सेक्रेटरी काहीतरी विचारायला खाली येत होते. आडवी तार हातात असताना ताणकाका बोलताहेत हे त्यांनी जिन्यावरून पाहिलं आणि ते आल्या पावली परत गेले.