कुरव उडवणारा माणूस

अतीक जाऊन एकवीस दिवस झाले आणि सुलतानाला नवऱ्याचा समुद्रावरचा एकही फोटो सापडत नव्हता. कुरव पक्ष्यांचे मात्र दोन हजार सातशे होते.

आधार कार्डावरचा होता, तो पोलिसांनी धरून नेल्यासारखा. लेक तमन्ना जांब्याहून फोनवर म्हणाली, "अम्मी, नऊ हिवाळे तुम्ही दोघं श्रीवर्धनला जात होतात. अब्बांचा एक तरी असेलच ना गं."

"आसंल की. शोधतीया." खरं तर सगळं शोधून झालं होतं.

चूक तिचीच, पण ती सांगायला कुरवांपासून सुरुवात करावी लागते. हे समुद्रपक्षी थंडीत येतात. एका जातीला तपकिरी डोक्याचा कुरव म्हणतात, दुसरीला काळ्या डोक्याचा, आणि आपल्याकडे असतात तेव्हा दोघांचीही डोकी पांढरी. नाव ठेवणारा हिवाळ्यात किनाऱ्यावर आलाच नसावा. मग ओळखायचं पंखाच्या टोकावरून. काळ्या टोकात पांढरे ठिपके दिसले, की तपकिरी डोक्याचा. पण टोक नीट दिसतं ते पक्षी उडाल्यावर, आणि पोट भरलेला कुरव सासुरवाडीला आलेल्या जावयासारखा, उठायचं नाव घेत नाही.

म्हणून अतीक उठवायचा. गुरुवारी त्याच्या कारखान्याला सुटी. पहाटे उरवड्यातून मोटरसायकल निघायची, ताम्हिणी घाट उतरून दहाच्या सुमाराला किनारा. तो विजार गुडघ्यापर्यंत दुमडून थव्याकडे चालत जायचा, ही मागून फोटो काढायची.

"मधी येऊ नगा. बाजूला व्हा जरा."

"बाजूला झालो तर उडतील कशाला? मला बघून उडत्यात ती."

"मला बी उडावंसं वाटतं कदी कदी."

"उड की. गाडीची चावी माझ्याकडं हाय."

घरी आल्यावर ती फोटो कापायला बसायची. पक्षीमित्रांच्या ग्रुपवर ओळखीसाठी टाकायचे, तर पक्षी मोठा दिसायला हवा. शिवाय ग्रुपचा पहिलाच नियम होता, फोटोसाठी पक्षी उडवायचे नाहीत. म्हणजे अतीक हा पुरावाच. ती त्याला निगुतीनं कापायची. एखादा हात राहिला तर पुन्हा कापायची. मोबाइल कायम भरलेला, त्यामुळे मूळ फोटो पुसून टाकायची.

"हात ऱ्हाऊ दे की," तो एकदा तिच्या खांद्यावरून बघत म्हणाला होता. "पाखरांनी काय तक्रार केली न्हाई अजून."

बाविसाव्या दिवशी तिला आठवलं. दोन वर्षांपूर्वी एक बारीक चोचीचा, लांब मानेचा कुरव मिळाला होता. इकडे सहसा न दिसणारा. तेव्हा तिनं मूळ फोटो पुसायच्या आधीच ग्रुप चालवणाऱ्या नरहरी मास्तरांनी पडताळणीसाठी तो न कापलेला मागवून घेतला होता. तिनं कासार आंबोलीला त्यांना फोन लावला.

"हाय का वो तो अजून?"

"आहे ना. नोंदीबरोबर जपून ठेवलाय." मास्तर म्हणाले, "सुलतानाताई, त्यातला माणूस मी तेव्हाच पाहिला होता. बोललो नाही."

"बरं केलं."

फोटो आला. कुरवाचं पीस न् पीस स्पष्ट. डाव्या कडेला अतीक, धुरकट, कारण कॅमेऱ्याचं सगळं लक्ष कुरवाकडे. तिनं मोठा करून पाहिला तर त्याचे चौकोन चौकोन झाले. पुन्हा लहान केला. डावा खांदा उतरलेला, विजारीचा एक पाय सुटून भिजलेला. तोच. आणि मग तिच्या ध्यानात आलं, की इथे तो पाठमोरा नाही. तो वळून तिच्याकडे बघतोय. हात वर केलेला, धुरकट चेहऱ्यात एक गडद ठिपका, म्हणजे तोंड उघडं. काहीतरी सांगतोय.

त्या कुरवाचं तिला सगळं ठाऊक होतं. तारीख, ओहोटीची वेळ, चोचीचा रंग. अतीक काय म्हणाला ते तेव्हा तिनं ऐकलंच नव्हतं. वारा होता, आणि डोळा पंखाच्या टोकावर. बाजूला व्हा, एवढंच ती ओरडली असणार.

तिनं फोटो तमन्नाला पाठवला. मग उत्तर आलं, "अब्बा काय म्हणतायत गं?"

सुलतानानं लिहिलं, "चल, च्या पिऊ म्हणत व्हते."

नऊ वर्षांत तिनं ग्रुपवर एकाही पक्ष्याचं नाव अंदाजानं टाकलं नव्हतं.