दैवशालाताईंच्या टाळाची सुट्टी

मी एक जुना टाळ आहे, मित्रांनो. तांबे आणि कथील वितळवून एका कारागिराने मला ओतले, माझ्या दोन वाट्यांत दोरी ओवली आणि मी सेलूच्या दैवशालाताईंच्या गळ्यात पडलो. ताई कीर्तनकार. गजर सुरू झाला की माझा नाद मंडपाच्या शेवटच्या बांबूपर्यंत जाई. "टाळ लय गोड हाय," असे कुणी म्हटले की मी मनातल्या मनात फुगत असे.

गावे मात्र आम्हाला मंडपापुरतीच ठाऊक होती. जीपमधून उतरायचे, कीर्तन करायचे, नारळ घेऊन पुन्हा जीप. ताई पुस्तके वाचत, तीही दृष्टांत शोधायला. एखादा सापडला की पुस्तक मिटले!

मग ऐन सप्ताहांच्या हंगामात ताईंचा आवाज चिरकला. डॉक्टर म्हणाले, "ताई, चैत्रापर्यंत बोलायचं नाही. गाणं तर मुळीच नाही. ऐकलं नाहीत तर आवाज कायमचा जाईल."

ताईंनी दिलेल्या सगळ्या तारखा परत घेतल्या. मला मऊ फडक्यात गुंडाळून झोळीत ठेवले. शेजारी पाखरांवरचे एक पुस्तक आणि एक जाडजूड कादंबरी. खरे सांगतो, मला त्या पुस्तकांचा फार हेवा वाटला. पण ताई एसटीने पाथरीला गेल्या, पुढे गोदाकाठी गेल्या, आणि बाभळीखाली बसून वाचता वाचता हसायच्या, डोळे पुसायच्या. कीर्तनात काही उपयोग नसलेली पाने त्या पुन्हा पुन्हा वाचत. त्यांचा श्वास संथ झालेला मला झोळीतून कळे.

असेच फिरत आम्ही ताडकळसजवळच्या एका वाडीत पोचलो. तिथे सप्ताहाचा शेवटचा दिवस होता. सप्ताहात वीणा खाली ठेवत नाहीत. एकाच्या खांद्यावरून दुसऱ्याच्या खांद्यावर जाते. त्या वेळी ती येडबा नावाच्या मेंढपाळाकडे होती. अनोळखी ताई गप्प बसलेल्या पाहून तो ओरडला, "बाई, कुठून आलाव?"

भाकरी थापणारी कडूबाई म्हणाली, "आवं, त्या मुक्या दिसायल्यात, बहिऱ्या न्हाई. हळू बोला की!"

ताई पोट धरून हसल्या, आवाज न करता.

तेवढ्यात निरोप आला, काल्याच्या कीर्तनाचे महाराज जीप बिघडल्याने येऊ शकत नाहीत. कीर्तनाशिवाय काला कसा? दहीहंडी टांगलेली, पंगत खोळंबलेली. ताईंनी पुस्तक काढायला झोळीत हात घातला आणि मी खणकन बाहेर पडलो. सप्ताहाचे प्रमुख दिनकरराव पूर्वी कीर्तनात ऐकलेला माझा नाद ओळखून धावत आले. "आरं, ह्या तर दैवशालाताई! देवानंच धाडलं!"

ताईंनी गळ्याकडे बोट दाखवले.

"अर्धंच करा, ताई. पांडुरंग सांभाळतो."

सगळा मंडप हात जोडून उभा. ताईंनी मला गळ्यात घातले. किती दिवसांनी! मीही वाजायला आसुसलो होतो. त्यांनी श्वास भरला, ओठ उघडले. त्यांच्या गळ्यातली थरथर माझ्या दोरीला जाणवली, आणि मला एकदम भीती वाटली.

ताईंनी ओठ मिटले. त्या चुलीकडे गेल्या आणि मला कडूबाईच्या गळ्यात घातले. सकाळपासून भाकरी थापताना ती गवळण गुणगुणत होती.

"अगं बया! म्या भाकरी थापणारी बाई!"

"मग टाळ बी थाप की भाकरीवानी," येडबा म्हणाला. मंडप खदखदला.

दिनकररावांनी डोके खाजवले. "काल्याला गवळण तर लागतीच. होऊ द्या."

ताईंनी येडबाच्या खांद्यावरची वीणा घेतली आणि कडूबाईच्या मागे उभ्या राहिल्या. पहिला ठेका चुकला. दुसराही चुकला. तिसऱ्याला साऱ्या बायांनी टाळ्या धरल्या आणि गवळण अशी रंगली की हंडी फुटली तरी कुणी थांबेना. ताई डोळे मिटून ऐकत होत्या. माझा नाद समोरून कसा येतो, हे त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदाच ऐकले.

चैत्रात ताईंचा आवाज परत आला, जरा खरखरीत, पण आला. आता वर्षातले काही महिने त्या एकही तारीख देत नाहीत. पुस्तके घेऊन निघतात आणि मला वाडीवर कडूबाईकडे ठेवून जातात.

मित्रांनो, टाळाची दोरी झिजली की बदला, चिंचेने घासा, मऊ कापडात ठेवा. आणि तुमच्या घरात कुणी रोज सगळ्यांसाठी राबत असेल, तर त्या माणसाच्या हाती एखादे पुस्तक द्या, एसटीत बसवून द्या, आणि तो परत येईपर्यंत "कधी येता?" असे विचारू नका.