शर्टांच्या काउंटरवरचा प्रसंग

पटकथा लिहिणं वेगळं आणि ती निर्मात्याला ऐकवणं वेगळं. मी वाचायला लागलो की ऐकणारे फोन चाळायला लागतात. म्हणून आमच्याकडे ऐकवायचं काम माझा मेव्हणा करतो. एरवी तो दारोदार पाणी शुद्ध करायची यंत्रं विकतो; नळाच्या पाण्यात काय काय असतं ते असं काही रंगवून सांगतो की माणूस यंत्र घेऊनच मोकळा होतो. माझे कागद तो वाचून बाजूला ठेवतो आणि उभ्याउभ्या अख्खा चित्रपट सांगतो. मी बाहेर सोफ्यावर. माझं तोंड बघून लोकांचा मूड जातो, असं त्याचं म्हणणं आहे आणि ते खोटं नाही.

ही पटकथा होती घर सोडून गेलेल्या मुलाची. म्हणजे आमच्याच चिरंजीवांची. परीक्षेत नापास झाल्यावर तो आईजवळ बसून जे बोलला, ते मी जसंच्या तसं एका मालिकेत घातलं. कॉलेजात पोरं त्याला त्याचेच संवाद म्हणून दाखवायला लागली. ‘या घरात बोललेलं सगळं विकलं जातं,’ म्हणाला आणि बॅग भरून गेला. अरे, मालिकेला रोज एक भाग लागतो. शब्द काय शेजाऱ्यांकडून उसने आणायचे? असो. तो परदेशात आहे आणि फोन करत नाही, एवढंच मला सांगण्यात आलं होतं.

निर्मातीण बाईंनी मेव्हण्याकडून गोष्ट ऐकली आणि डोळे पुसतच बाहेर आल्या. मी तिथल्या तिथे करारावर सही केली. इतकी वर्षं मालिकांचं दळण दळल्यावर पहिल्यांदा माझा चित्रपट होणार होता. मग मी लिहिलेली पटकथा पाठवली आणि त्यांनी बोलावून घेतलं.

“सगळं छान आहे,” त्या म्हणाल्या. “पण शर्टांचा प्रसंग कुठंय?”

मी असला कुठलाही प्रसंग लिहिला नव्हता. पण लेखकाने असं कधी कबूल करू नये. “त्यात तुम्हाला नेमकं काय भावलं?” मी विचारलं.

बाई सांगत सुटल्या. मुलगा याच शहरात एका कपड्यांच्या दुकानात कामाला आहे. घरच्यांशी बोलायचं नाही, अशी त्याने शपथ घेतली आहे. म्हणून आई दर आठवड्याला गिऱ्हाईक होऊन जाते.

“शर्ट दाखवा.”

“कोणासाठी?”

“मुलासाठी. हल्ली वाळलाय, मापाचा अंदाज येत नाही.”

तो शर्टाची घडी मोडतो, स्वतःच्या छातीला लावून धरतो. “माझ्याएवढा आहे का?”

“हो. अगदी तुमच्याएवढा.”

मग तो एकेक शर्ट उलगडत राहतो, ती एकही घेत नाही. शेवटी तो म्हणतो, “पुढच्या आठवड्यात नवीन माल येईल.”

“मी चित्रपट घेतला तो या प्रसंगासाठी,” बाई म्हणाल्या.

मेव्हणा माझ्याबरोबर आला होता; त्याला मी बाईंच्या ऑफिसच्या जिन्यातच गाठलं.

“भावोजी, मध्यंतरानंतर तुमची गोष्ट जरा बसते हो. लोक जांभया द्यायला लागतात. म्हणून मी आपलं काहीतरी टाकलं.”

“सुचलं कुठून?”

एरवी ज्याच्या तोंडाला कुलूप लागत नाही, तो माणूस कठड्याचा रंग नखाने खरवडायला लागला. मला बाकी काही कळत नसेल, पण रचलेलं वाक्य कुठलं आणि ऐकलेलं कुठलं, ते कळतं. ‘अगदी तुमच्याएवढा’ हे कोणी रचत नाही. आणि माझी बायको दर बुधवारी दुपारी शिवणाच्या क्लासला जाते. आजवर घरात साधा रुमाल शिवून आलेला नाही.

“ताईने फक्त मला सांगितलं होतं,” तो म्हणाला. “सांगण्याच्या भरात तोंडून गेलं.”

घरी मी बायकोला विचारलं. तिने गॅस बंद केला.

“दुकानात येऊ नका. तुम्ही दिसलात की तो तिथूनही जाईल. आणि अहो, हे लिहू नका. मी तुमच्याकडे कधी काही मागितलं नाही. माझ्याकडे एवढंच आहे.”

मी ओट्यापाशी उभा राहून रडलो. एवढा जवळ होता तो. आणि मला सोडून सगळ्यांना माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी मी बाईंना सांगितलं की तो प्रसंग होणार नाही. हवं तर चित्रपट सोडा.

“अहो, एवढं मनाला लावून घेऊ नका,” त्या अगदी प्रेमाने म्हणाल्या. “ऐकवलेलं सगळं आम्ही रेकॉर्ड करतो. तुम्हाला जमत नसेल तर तेवढा प्रसंग दुसऱ्याकडून लिहून घेऊ. नाव तुमचंच राहील. सही झालीच आहे.”

मी फक्त त्यांच्या पाया पडायचाच बाकी होतो. त्यांना वाटलं, लेखक नाजूक असतात.

बायकोला हे सांगितलं तेव्हा ती बाहेर निघाली होती. चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं.

“चित्रपट यायला किती दिवस लागतात?” तिने विचारलं.

“वर्ष. रखडला तर दोन, तीन. काही येतही नाहीत.”

“तुमची कामं रखडतातच,” ती म्हणाली आणि चपला घालून गेली. इतक्या आशेने ती माझ्या कामाबद्दल कधीच बोलली नव्हती.

आजवर माझ्या किती पटकथा डब्यात गेल्या आणि प्रत्येक वेळी मी नशिबाला शिव्या घातल्या. आता रोज सकाळी उठून हात जोडतो, की ही एक डब्यात जाऊ दे. नायक आजारी पडू दे, पैसेवाला पळून जाऊ दे.

आज दुपारी बाईंचा फोन आला. पैसे उभे राहिलेत. नायकाच्या तारखा मिळाल्यात. शूटिंग पुढच्या महिन्यात सुरू. उन्हाळ्यात चित्रपट थिएटरात. “तुमचा पायगुण चांगला आहे,” त्या म्हणाल्या. माझ्या उभ्या आयुष्यात पहिल्यांदा सगळं वेळेवर होतंय.

आज बुधवार आहे. बायको दुकानात गेली आहे. ती आली की मला तिला हे सांगायचंय.