आठ दिवस विश्रांती

सुगंधा पहाटे पाचला उठली. कुंभवलीतली ती कुडाची खोली लहान होती. तीन मुले, सासू आणि नवरा यांच्या पायांमधून वाट काढत ती दाराशी आली. दोरीवर वाळत घातलेल्या जुन्या लुगड्याच्या घड्या तिने उतरवल्या. दोन अंगाशी घेतल्या, दोन फडक्यात गुंडाळून जेवणाच्या पिशवीत तळाशी ठेवल्या. मग विहिरीच्या चार खेपा केल्या. चौथ्या खेपेला ती ओट्यावर टेकली आणि कळशी मांडीशी धरून थोडा वेळ तशीच बसून राहिली.

रेशनच्या लाल ज्वारीची भाकरी थापताना चिरते, म्हणून ती पीठ कढत पाण्यात भिजवीत असे. बारा भाकरी झाल्या. सुक्या जवळ्याची चटणी वाटून झाली. पावणेसहाला भगवंत उठला, चहा घेतला आणि दाराशी बसून त्याने बिडी पेटवली. तो निष्ठुर माणूस नव्हता. बायको अलीकडे पांढरी पडली आहे, हे त्याला दिसत होते. पण दिसलेल्या गोष्टीचे पुढे काय करायचे असते, हे त्याला कोणी शिकवले नव्हते. सुगंधाने धाकट्याला सासूच्या कुशीत सरकवले, उभ्यानेच अर्धी भाकरी खाल्ली, आणि साडेसहाला दोघे ट्रकच्या थांब्यावर जाऊन उभे राहिले.

तारापूरला समुद्राच्या कडेने अणुवीज केंद्राचे बांधकाम चालू होते. सदुसष्ट साल उजाडले होते. भगवंत अकोले तालुक्यातला. तीन वर्षांपूर्वी बायको, आई आणि दोन मुले यांना घेऊन तो इकडे आला आणि झुंबर मुकादमाच्या टोळीत लागला. झुंबर एकटादुकटा माणूस घेत नसे. त्याच्याकडे जोडी लागे. नवऱ्याने खोऱ्याने घमेले भरायचे आणि उचलून द्यायचे, बायकोने ते डोक्यावर घेऊन तिरप्या फळ्यांवरून वर न्यायचे. बायको बाळंत झाली की जोडी मोडे. मग नवरा कितीही धडधाकट असला तरी त्याला घरी बसावे लागे, आणि ती उभी राहीपर्यंत जागा दुसऱ्या जोडीने घेतलेली असे.

भगवंताची जोडी दोनदा अशी मोडली होती. पहिल्यांदा धाकट्याच्या बाळंतपणात. दुसऱ्यांदा गेल्या पावसाळ्यात, चौथ्या महिन्यात सुगंधाचा गर्भ फळीवरच पडला तेव्हा. त्यानंतर आरोग्य केंद्रातल्या इंदुबाई नर्सने दिवस राहू नयेत म्हणून तिला आत लूप बसवला. पुन्हा दिवस गेले नाहीत, पण महिन्यातले पंधरा-वीस दिवस रक्त जाऊ लागले.

त्या दिवशी अकराच्या सुमाराला सुगंधा फळीच्या मध्यावर भरल्या घमेल्यासकट खाली बसली. पडली नाही. घमेले नीट बाजूला ठेवून, डोळे मिटून बसली. मागच्या बायकांची रांग थांबली.

"काय झालं गं? समोर बघून चाल की!" खालून झुंबर ओरडला.

मागे असलेल्या कमळीने तिच्या घमेल्यातला माल आपल्या घमेल्यावर ओतून घेतला. "बाय, तू बस. तो वरडतो, वरडू दे," ती म्हणाली.

जेवणाच्या सुट्टीत झुंबर भगवंताजवळ आला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता.

"भगवंता, निम्मी जोडी तुझी आजारी हाय. मला वरून विचारणा व्हती. सोमवारपत्तूर तिला धड कर, न्हाईतर मला दुसरं बघावं लागंल."

"धड करू म्हंजी? यंत्र हाय का ते?" भगवंत म्हणाला.

"यंत्र असतं तर तेल घातलं असतं," झुंबर म्हणाला, आणि टोळीतली माणसे हसली. भगवंतही हसला. हसताना त्याचे लक्ष सुगंधाकडे गेले. ती पिशवी घेऊन दगडांच्या ढिगामागे चालली होती, आणि पिशवीत जेवण उरलेले नाही हे त्याला ठाऊक होते.

शुक्रवारी आठवड्याची सुट्टी होती. दोघे चालत आरोग्य केंद्रात गेले. इंदुबाई पन्नाशीच्या, थकलेल्या चेहऱ्याच्या बाई होत्या. त्यांनी सुगंधाच्या डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या आणि पडद्याआड नेऊन लूप काढून टाकला.

बाहेर येऊन त्या हात पुसत म्हणाल्या, "हिच्या अंगात रक्त नाही. आता पुन्हा दिवस गेले तर मी जबाबदारी घेणार नाही. बायकांचं मोठं ऑपरेशन हिला झेपायचं नाही; पोट उघडावं लागतं, दोन महिने कामाला हात लावायचा नाही."

"मग दुसरा कुठला इलाज?" भगवंताने विचारले.

"गुरुवारी पालघरला शिबिर आहे. पुरुषांच्या नसबंदीचं. पंधरा मिनिटांचं काम, आणि आठ दिवस विश्रांती."

भगवंताच्या डोळ्यांपुढे वामन उभा राहिला. वामन त्याच टोळीतला, त्याच्याच बाजूच्या गावचा. गेल्या वर्षी त्याने असेच ऑपरेशन करून घेतले होते. जोडी जाईल या भीतीने तो तिसऱ्या दिवशीच कामावर आला. माणसे म्हणाली, वामन आता बाईमाणूस झाला, त्याला घमेलं द्या. तेव्हा सगळ्यांची तोंडे बंद करायला त्याने सिमेंटची गोण पाठीवर घेतली आणि गोदामापर्यंत नेली. संध्याकाळी टाका उसवला, जांघ सुजली, ताप चढला. महिन्याने तो गावी निघून गेला. ऑपरेशनने माणूस कायमचा अधू होतो, असे त्या दिवसापासून टोळीत पक्के झाले. मधले राहिलेले पाच दिवस कोणी हिशेबात धरले नाहीत. भगवंतानेही धरले नव्हते.

"बाई, वजन उचलता येतं का नंतर?" त्याने खाली बघत विचारले.

"आठ दिवस नाही. पुढं हवं तेवढं उचला. मात्र पहिले तीन महिने हिला दिवस जाऊ शकतात, तेवढं सांभाळावं लागतं; ते मी समजावून सांगेन."

"आन् तिसऱ्या दिवशी उचललं तर?"

"तर टाका उसवेल. आणि लोक म्हणतील, ऑपरेशनच वाईट." इंदुबाईंनी हात पुसायचे फडके खुंटीला अडकवले. "तुम्ही त्या वामनचं म्हणताय. त्याच्या जखमेची पट्टी मीच बदलत होते."

परतताना रस्त्यावर सुगंधा दोनदा थांबली. दुसऱ्यांदा ती आंब्याखाली बसली आणि बसल्या बसल्याच बोलली, "तुमी जा म्हणत न्हाई म्या. पर म्या आता काय बी बसवून घ्यायची न्हाई. आन् फळीवर पुन्यांदा तसं झालं, तर उठायची बी न्हाई."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती, रडणे नव्हते. उद्या पाणी किती लागेल हे सांगावे तसे तिने सांगितले. भगवंत तिच्यासमोर उकिडवा बसला.

"गेल्या साली फळीवर... तवा मला कुनी हाक बी मारली न्हाई," तो म्हणाला.

"मारली व्हती. तुमी म्हनलात, एवढं भरून येतो."

भगवंताला ते आठवत नव्हते. पण आपण तसेच म्हणालो असणार, हे त्याला कळले.

घरी त्याने आईला शिबिराचे सांगितले. साखरबाई तांदूळ निवडत होती. तिने सूप खाली आदळले.

"बाईच्या जातीला हे चालायचंच! मला सात झाली. तुझ्या बापाला कुनी कापला न्हाई. उद्या हात चालंना झालं तर ही तुला पोसंल व्हय?"

"सातातली किती ऱ्हायली, आई?" भगवंताने विचारले.

साखरबाईने सूप पुन्हा मांडीवर घेतले, पण हात चालवला नाही.

सोमवारी भगवंत एकटाच थांब्यावर गेला. ट्रकपाशी झुंबर होता. टोळी आधीच वर चढून बसली होती.

"मुकादम, दोन आठवडे आमचं नाव काढा. तिला आराम पायजे. आन् गुरवारी म्या पालघरला जातोय. आप्रेशनला."

ट्रकमध्ये कोणीतरी शीळ घातली. चिंधू, कमळीचा नवरा, वरून ओरडला, "भगवंतभाव, लुगडं पन घेऊन ठेव!"

"तूच गप," कमळी त्याला म्हणाली. "तुजी पाच हायत घरी."

झुंबरने आवाज खाली आणला. "येडा हाईस का? वामनचं बघितलं ना तू? बाईला करू दे काय करायचं ते. दोन आठवड्यांनी जागा ऱ्हाईल का न्हाई, सांगू शकत न्हाई मी."

"नसंल तर नसंल," भगवंत म्हणाला.

गुरुवारी तो एसटीने पालघरला गेला. सुगंधा येते म्हणाली होती. त्याने तिला झोपून राहायला सांगितले. शिबिर शाळेत होते; वर्गात बाकांवर तीस-पस्तीस पुरुष बसले होते आणि एकमेकांकडे बघत नव्हते. त्याचे नाव पुकारल्यावर तो उठला. अर्ध्या तासाने बाहेर आला, व्हरांड्यात बसून चहा प्याला आणि दुपारच्या गाडीने परतला. थांब्यापासून घरापर्यंतची वाट त्याने फार सावकाश संपवली.

रविवारी सकाळी चिंधू दाराशी आला. आत यायला तो कचरत होता.

"मुकादमानं पाठवलाय. एक जोडी पलून गेली रातच्याला. आज एकट्यानं आलास तरी घेतो म्हनला, खाडा भरून काडायला. जोडीचं नंतर बगू. पर आजच. नायतर बोईसरातनं नवी मानसं आनतो." त्याने भगवंताच्या पायांकडे पाहिले. "तसा तू उबा तर हायेस ना?"

साखरबाई चुलीपासून उठून मुलाकडे पाहू लागली. गुरुवारपासून ती त्याच्याशी पहिल्यांदाच बोलली. "जा भगवंता. नुसतं खोरं चालव. वजन नको उचलू."

खोरे चालवायचे आणि घमेले उचलायचे नाही असे काम टोळीत नव्हते, हे तिथल्या सगळ्यांनाच माहीत होते. दुखणे आज कमी होते. खोऱ्याच्या दांड्यावरची आपली पकड भगवंताला तळहातात जाणवली. कोपऱ्यात सुगंधा अंगावर घोंगडी घेऊन पडली होती. ती जागी होती.

"मुकादमाला सांग, शुक्रवारी आठ दिस पुरं व्हत्यात. त्याच्या आधी न्हाई," भगवंत म्हणाला.

"मंग जागा जाईल रं."

"व्हय."

चिंधू रस्त्याकडे निघून गेला. साखरबाई दारात जाऊन त्याच्या पाठीकडे पाहत राहिली. नंतर आत आली आणि कोणी न सांगता कळशी उचलून विहिरीकडे गेली. भगवंताने पाय लांब केले आणि शिबिरातल्या डॉक्टरांनी सांगितले होते तसा उताणा पडून राहिला.