कच्ची आवृत्ती

तपासनीसांनी घरातल्या टॅबलेटचं पार वाटोळं केलं. पण ते सोडा. त्यांना विचाराल तर तसं काही झालेलंच नाही, आणि झालं असलं तरी त्या वेळी ते तिथे नव्हते. असलेच तर नुसते बसलेले होते.

बसणं हा त्यांचा पेशाच. खुर्च्यांच्या कारखान्यात एकतीस वर्षं तपासनीस होते. तयार झालेल्या खुर्चीवर बसायचं, डुलायचं, कुरकुर ऐकायची आणि खोट सापडली की लाल चिठ्ठी चिकटवायची. निवृत्तीनंतर चिठ्ठ्यांचा उरलेला गठ्ठा घरी आला. पहिल्याच आठवड्यात एक चिठ्ठी भाजीच्या पातेल्यावर लागली आणि बायकोने गठ्ठा जप्त केला.

"अहो, या घरात खोट काढायची नाही. राहवत नसेल तर मनात काढा."

चार वर्षं मनात काढून काढून माणूस पिवळा पडत चालला होता.

तर एका सकाळी टॅबलेटवर सूचना आली. खाली दोन बटणं: 'नको' आणि 'चाचणी आवृत्ती बसवा'. दुसरं बटण केसभर तिरकं होतं.

"अगं, बघ, बघ! हे बटण वाकडं बसवलंय!"

"कुठलं?"

"हे!" म्हणत त्यांनी त्यावर बोट टेकवलं.

अर्ध्या तासाने टॅबलेट जागा झाला तो भलताच होऊन. आठवड्यात दोन बुधवार आले, गुरुवार बेपत्ता. मेव्हणीला फोन लावला की टॉर्च पेटायचा. सात अधिक पाच विचारलं की कॅल्क्युलेटर आधी 'नक्की?' असं विचारून घ्यायचा. आणि तळाशी एक छोटी चौकट: 'आमचं काम अजून कच्चं आहे. काही खोट दिसली का? कृपया सांगा.'

तपासनीसांनी ते तीनदा वाचलं. 'कृपया थांबा' त्यांना पुष्कळ जण म्हणत. 'कृपया सांगा' हे नवीन होतं.

तीन आठवड्यांत त्यांनी दोनशे चौदा चुका कळवल्या. प्रत्येकीला उत्तर आलं: 'आपल्या बारीक नजरेबद्दल आभार.' गालांवर रंग चढला.

रविवारी मुलगी आली. तिचं कामच कॉम्प्युटरचं. "बाबा, ही अर्धवट भानगड कुणी बसवली? आणा इकडे, जुनी परत टाकते. दहा मिनिटांचं काम."

तपासनीसांनी टॅबलेट पोटाशी धरला. "त्यांना माझी गरज आहे."

"बाबा, ते आभार मशीन मानतं!"

"मानतं ना? तू कधी मानलेस?"

मुलीने आईकडे पाहिलं. आई निवांत म्हणाली, "राहू दे गं. तीन आठवडे माझ्या स्वयंपाकाला कुणी मनातसुद्धा नावं ठेवलेली नाहीत. बुधवार दोन काय, चार येऊ देत."

मंगळवारी मात्र घात झाला. 'आनंदाची बातमी! सर्व दोष दूर करून पक्की आवृत्ती पुढच्या महिन्यात येत आहे. चाचणी समाप्त.' तपासनीसांचा चेहरा पडला. ते उठले आणि सवयीने स्वयंपाकघरात जाऊन पातेल्याकडे टक लावून उभे राहिले. बायकोने ती नजर ओळखली. धावत जाऊन तिनेच चष्मा आणला.

"लिहा त्यांना. ताबडतोब. आणि चांगलं कचेरीच्या भाषेत लिहा."

त्यांनी लिहिलं:

'महोदय, आपली आवृत्ती पक्की होत असल्याचे वाचून अर्जदार व त्याचे कुटुंब यांस तीव्र चिंता वाटते. तरी सदर आवृत्ती कधीही पूर्ण करण्यात येऊ नये, दूर केलेले दोष तत्काळ पूर्ववत बसवण्यात यावेत, आणि रोज किमान दहा नवीन दोष सकाळच्या चहापूर्वी अर्जदारास उपलब्ध करून देण्यात यावेत, ही नम्र विनंती.'