बोलम्माची पाणमांजरं

कुट्टप्पाच्या कॉफीच्या मळ्याची हद्द संपते तिथे नदी वळण घेते. त्या वळणावर काळ्या खडकांची एक रांग पाण्यात उतरली आहे. लग्न झाल्यापासून पुढची कितीतरी वर्षं कुट्टप्पा आणि बोलम्मा संध्याकाळी तिथे बांबूच्या बेटाआड गोणपाट टाकून बसायची. पाणमांजरांचं कुटुंब यायचं ते नेमकं सूर्य डोंगराआड गेल्यावर. डोळ्यांना दिसायचं, कॅमेऱ्याला दिसायचं नाही.

त्या काळी कॅमेऱ्यात चारशे आयएसओची फिल्म; हा आकडा जितका मोठा, तितक्या कमी उजेडात फोटो निघायचा. कुट्टप्पा ती सोळाशेची समजून वापरायचा आणि मडिकेरीला इब्राहिमच्या स्टुडिओत रोल देताना बजावायचा, "जास्त वेळ धू रे, काळोखातला आहे." इब्राहिम धुवायचा. फोटो यायचे ते भुरकट, दाणेदार. खडकावर काहीतरी ओलं, लांबट, हललेलं.

"कण्या सांडल्यात का हो फोटोवर?" बोलम्मा विचारायची. "द्या इकडे, कडंबुट्टुचे गोळे वाफवते."

"हस, हस. मधलं ते पिल्लू आहे. शेपटी बघ त्याची."

"शेपटी होय? मला वाटलं कुणाची वहाण राहिली."

असे कितीतरी फोटो त्याने कपाटात जपून ठेवले होते. चांगला एकही नव्हता, पण फेकवतही नव्हता.

मग वरच्या अंगाला कुणीतरी मासे मारायला सुरुंग लावू लागलं आणि पाणमांजरं दिसेनाशी झाली. तरी सवयीने ती दोघं जात राहिली. गप्पा व्हायच्या, कॉफी व्हायची. पुढे बोलम्मा संध्याकाळच्या वेळी दाराच्या चौकटीला धडकू लागली. मैसूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, दिवसा दिसेल, उजेड कमी झाला की दिसणार नाही, आणि याला औषध नाही. गाडीत बसल्यावर ती एवढंच म्हणाली, "बरं झालं, रात्री तुमचं घोरणं तरी नुसतं ऐकायचंय, बघायचं नाही." त्यानंतर ती संध्याकाळची नदीवर गेली नाही. कुट्टप्पाही गेला नाही. विचारलं की गुडघ्यांचं नाव सांगायचा.

त्या वर्षी पुत्तरीच्या सणाला देचम्मा, त्यांची लेक, बंगळूरहून नवा कॅमेरा घेऊन आली. दुसऱ्याच दिवशी सकाळी बोलम्मा नदीकडून झपाझप वर आली. पदर खोचलेला, श्वास फुललेला.

"आलीत," ती म्हणाली.

"कोण? पाहुणे?"

"पाणमांजरं! खडकावर माशांचे खवले पडलेत. वाससुद्धा तोच."

संध्याकाळी कुट्टप्पा देचम्माबरोबर खाली उतरला. बांबूचं बेट आता दुप्पट झालं होतं. उजेड उतरू लागला तसा पाण्यात बुडबुड्यांचा माग दिसला, आणि एक चपटं डोकं वर आलं. मग दुसरं. कुट्टप्पाने कॅमेरा डोळ्याला लावला.

"अप्पा, आयएसओ वाढवा," देचम्मा कुजबुजली.

"आहे की चारशेवर."

"बारा हजारांवर न्या."

"बारा हजार? फोटो काढायचाय की रांगोळी?"

तिने त्याच्या हाताखालून बोट घालून चाक फिरवलं. कुट्टप्पाने खटका दाबला आणि पडद्याकडे पाहिलं. पाणमांजर खडकावर बसलं होतं. पुढच्या दोन पंजांत मासा, मिशांवर पाण्याचे थेंब, आणि थेंब न् थेंब वेगळा दिसत होता. दाणे होते, नाही असं नाही. पण त्यांच्याआडून ते जनावर त्याच्याकडे सरळ बघत होतं. त्याला पुढचा फोटो घ्यायचं भान राहिलं नाही. देचम्मानेही मग घाई केली नाही.

घरी आल्यावर त्याने कॅमेरा बोलम्मासमोर धरला. तिने तो हातात घेऊन बराच वेळ पाहिला.

"हा आत्ताचा?"

"आत्ताचाच."

"पण आत्ता तर काळोख पडला होता."

"याला तेवढ्या उजेडातही दिसतं," तो म्हणाला आणि बोलता बोलता थांबला.

दुसऱ्या दिवशी उन्हं कलल्यावर त्याने तिच्या चपला दारात आणून ठेवल्या.

"मला कशाला नेताय?" ती म्हणाली. "बांबूला धडकायला?"

"धडकलीस तर बांबूचं बघू. चल."

तिचा हात धरून तो सावकाश पायवाट उतरला. तिवईवर कॅमेरा लावला, आयएसओ आणखी वर नेला आणि मागचा पडदा तिच्याकडे वळवला. बाहेर नदी करडी होत होती, खडक काळे. पडद्यावर मात्र अजून संध्याकाळ उरली होती. बोलम्मा वाकली. तिच्या चेहऱ्यावर पडद्याचा फिकट उजेड पडला.

"खडक दिसतायत," ती म्हणाली. मग काही वेळाने, "पलीकडची ती वेलसुद्धा दिसतेय हो."

कुट्टप्पाला वेल दिसत नव्हती. खरं तर आता त्याला काहीच धड दिसत नव्हतं. त्याचेही डोळे म्हातारेच. पाण्यात खळबळ ऐकू आली.

"आली का?"

"शू! तीन आहेत. नाही, चार. एक लहान आहे. आई त्याला मानेला धरून पाण्यात ओढतेय आणि ते काही केल्या उतरत नाहीय. अगदी आपली देचू, आंघोळीच्या वेळची."

कुट्टप्पा हसला. ती सांगत राहिली, कोण बुडालं, कोण वर आलं, कुणी कुणाचा मासा पळवला. तो अंधारात ऐकत बसला. ऐकता ऐकता त्याला त्यांचे पहिले दिवस आठवले. डोक्याला चापून रुमाल बांधलेली नवी नवरी बोलम्मा, कुजबुजताना त्याच्या कानाला लागणारा तिचा गरम श्वास, आणि इब्राहिमच्या स्टुडिओतला फिल्म धुण्याच्या रसायनांचा तो आंबूस वास. इब्राहिम जाऊन किती वर्षं झाली, हेही त्याला नीट आठवेना.

"खटका कुठला?" बोलम्माने विचारलं.

त्याने तिचं बोट नेऊन ठेवलं. आयुष्यात पहिल्यांदा तिने कॅमेऱ्याचा खटका दाबला. मग दाबतच सुटली.

घरी पाहिलं तर बहुतेक फोटो वाकडे, कुणाचं डोकं कापलेलं, कुणाची नुसतीच पाठ. एकात मात्र आई आणि पिल्लू नाकाला नाक लावून होती. देचम्मा म्हणाली, "अव्वा, हा तर अप्पांना जन्मात जमला नाही." कुट्टप्पाने ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं, आणि रात्री जेवताना तोच फोटो पुन्हा मागून घेतला.

देचम्मा बंगळूरला परत गेली ती कॅमेरा ठेवूनच. तेव्हापासून ती दोघं पुन्हा रोज नदीवर जातात. गोणपाटाऐवजी दोन खुर्च्या आल्यात. पडद्यासमोरच्या खुर्चीत बोलम्मा बसते.

"उद्या मी काढणार हं," कुट्टप्पा अधूनमधून म्हणतो.

"बघू," ती मान न वळवता म्हणते. "आत्ता गप्प बसा. मोठा नर आलाय."